पोलंडची उडालेली झोप: महासाथीनंतर तुमच्या आसपासचं कोणी पुन्हा शांत झोपायला लागलं का?

ओद्राकाठची | ३ नोव्हेंबर २०२४, २२:४०

परवा, १ नोव्हेंबरला, इथे व्रोत्स्वाफमध्ये सगळ्या दफनभूमी दिव्यांनी उजळल्या होत्या. सर्व संतांचा दिवस. घरातली माणसं ट्रामा भरभरून निघतात, थडगी पुसतात, शेवंतीच्या कुंड्या मांडतात आणि काचेच्या कंदिलातले दिवे लावतात. त्या दिव्याला इथे ज्निच म्हणतात. यंदा मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी सोबत गेले, आमच्या वरच्या मजल्यावरच्या पानी हालिनांबरोबर (नाव बदललंय). वय ७१.

त्यांचे यजमान ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडने गेले. दवाखान्यात भेटू दिलं नाही, शवपेटी उघडू दिली नाही. निदान १ नोव्हेंबरला शांतपणे थडग्याजवळ बसता येईल म्हणून त्यांनी शेवंतीच्या चार कुंड्या आणून ठेवल्या होत्या. ३० ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी, पंतप्रधानांनी जाहीर केलं की ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर देशभरातल्या दफनभूमी बंद. उद्यापासूनच. त्या कुंड्या मग त्यांच्या बाल्कनीतच राहिल्या. त्या रात्री त्यांनी खिडकीत ज्निच लावला, आणि तो विझला तरी जाग्याच होत्या.

तेव्हापासून त्यांना रोज पहाटे तीनला जाग येते. आमची इमारत जुनी, काँक्रीटच्या तयार तुकड्यांची. वर खुर्ची ओढली की खाली माझ्या डोक्यावर ऐकू येते. आधी खुर्ची, मग नळ, मग किटली. चार वर्षं झाली. त्या खुर्चीवरून मला तीन वाजल्याचं कळतं, कारण २०२० पासून तीनला मीही बरेचदा जागी असते.

माझ्या कचेरीतल्या पोलिश लोकांशी बोलले तर दर तिसरा माणूस म्हणतो, ‘हो, त्या वर्षापासूनच.’ म्हणून हा धागा. पोलंडमध्ये राहणाऱ्यांनी किंवा पोलिश मित्र-नातेवाईक असणाऱ्यांनी सांगा, तुम्ही काय पाहिलंत? साथ संपल्यावर झोप परत आली का? आणि पानी हालिनांसाठी काही करता येईल का? औषधं त्यांनी घेऊन पाहिली आहेत.

---

विस्वातीर | ३ नोव्हें., २३:२५

वॉर्सातून. पोलंडमधला पहिला रुग्ण ४ मार्च २०२० ला सापडला आणि १२ तारखेपासून शाळा बंद झाल्या. १५ ला सीमा बंद. मी त्यानंतरच परत आलो, त्यामुळे चौदा दिवस घरात कोंडून.

पोलीस रोज यायचे. खालून फोन करायचे, मी खिडकीत जाऊन हात हलवायचा. नंतर फोनवरचं ॲप सक्तीचं झालं. मेसेज आला की वीस मिनिटांत स्वतःचा फोटो काढून पाठवायचा. माझ्या पोलिश रूममेटला ते ॲप दुसऱ्या खेपेला मिळालं. तो अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा आणि दुपारी डुलकी काढायची त्याला भीती वाटायची. विलगीकरण संपलं, ॲप काढून टाकलं, तरी कितीतरी महिने झोपेत तो फोन चाचपायचा. आता तो बरा आहे. पण उशाशी फोन ठेवून झोपत नाही, स्वयंपाकघरात ठेवतो.

---

मळ्यातला_सुहास | ३ नोव्हें., २३:५१

ओद्राकाठची ताई, विषय गंभीर आहे, पण आमच्या सांगलीत ‘पानी हालिना’ म्हटलं की लोक मोटर बघायला धावतील. :)

आजींना माझा नमस्कार सांगा.

---

ओद्राकाठची | ४ नोव्हें., ०७:१०

@सुहास, माझ्या आईनेही फोनवर हेच विचारलं होतं, ‘का गं, टाकीत गाळ साचलाय का?’ ‘पानी’ म्हणजे बाई, श्रीमती. मी हे आजींना समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना तसं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

---

मध्यक | ४ नोव्हें., ०९:३२

थोडा वेगळा सूर लावतो. ‘दर तिसरा माणूस’ वगैरे आकड्यांपासून सावध राहू या. त्या काळात पोलंडमध्ये झोप, चिंता, नैराश्य यांच्या पुष्कळ पाहण्या झाल्या, पण बहुतेक ऑनलाइन फॉर्म भरून घेतलेल्या. असा फॉर्म कोण भरतं? ज्याला त्रास होतोय तो, ज्याच्या हाती वेळ आहे तो, आणि तरुण, शिकलेल्या, शहरी बायका. पानी हालिनांसारखी ७१ वर्षांची बाई त्यात सापडत नाही. शिवाय त्याच माणसांची २०१९ मधली झोप कोणी मोजून ठेवलेली नव्हती.

आणि पोलिश माणसाला ‘कसं काय’ विचारलं तर तो खरंच सांगत बसतो. गाऱ्हाणं मांडणं हा तिथला शिष्टाचार आहे. आपल्याकडे ‘मजेत’ म्हणून विषय संपतो. दोन देशांची तुलना करताना हाही फरक धरायला हवा.

---

क्राकुफची_सून | ४ नोव्हें., १३:०५

@मध्यक, फॉर्मचं बरोबर आहे. गाऱ्हाण्याचं अर्धंच बरोबर आहे. हवा, सरकार, डॉक्टरची रांग, गुडघे यांच्याबद्दल माझ्या सासरचे तास-तास बोलतात. ‘मला भीती वाटते’ हे मात्र कोणी बोलत नाही, पुरुष तर मुळीच नाही. तिथे एकच वाक्य, ‘याकोश तो बेंज्ये’. होईल कसंतरी.

माझ्या नवऱ्याचं छोटं उपाहारगृह होतं. मार्च २०२० मध्ये बसून खाणं बंद झालं, मे महिन्यात उघडलं, ऑक्टोबरात पुन्हा बंद. दुसऱ्या वेळी मात्र तो ‘याकोश’ म्हणाला नाही. रात्री अकराला झोपायचा, दोनला उठायचा, हिशेबाची वही उघडून बसायचा. त्या वहीत नवीन काही नसायचंच, दुकानच बंद होतं. तेच आकडे पुन्हा वरून खाली बेरीज करायचा.

मग ‘माउप्की’ आल्या. शब्दशः अर्थ ‘छोट्या माकडिणी’. वोडकाच्या खिशात मावणाऱ्या बाटल्या, शंभर-दोनशे मिलिलिटरच्या. २०२१ च्या १ जानेवारीपासून सरकारने त्यांच्यावर वेगळा कर लावला, यावरूनच त्यांचा खप किती ते कळेल. नवरा म्हणायचा, ‘झोपेपुरती घेतो.’ झोप लागायचीही, पण दोन-अडीचला घामाघूम होऊन उठायचा. मला कोटाच्या खिशात, गाडीच्या दारात, एकदा तर मुलीच्या बर्फाच्या बुटात बाटली सापडली. त्या दिवशी मी बूट तसाच त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. काही बोलले नाही. तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून ११६ १२३ ला फोन केला, मोठ्यांसाठीची मदतवाहिनी आहे ती. तिथून पुढे रस्ता सापडला. उपाहारगृह गेलं ते गेलंच, आता तो एका शाळेच्या खानावळीत आहे. पण रात्री झोपतो.

---

विस्वातीर | ४ नोव्हें., १३:४०

@क्राकुफची_सून, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

रात्रपाळी | ४ नोव्हें., २१:१८

मी पोझ्नानजवळ गोदामात आहे, २०१९ पासून. घरात कोंडल्यामुळे झोप गेली म्हणणाऱ्यांबद्दल वाईट वाटतं, पण आम्हाला कोंडलंच नाही. लोक घरी बसले म्हणून ऑनलाइन खरेदी वाढली आणि आमच्या पाळ्या वाढल्या. रात्री दहा ते सकाळी सहा. सकाळी येऊन झोपायचं तर वरच्या घरात मुलांची ऑनलाइन शाळा, शेजारी कोणी भिंतीला ड्रिल लावलेलं, कारण तोही घरीच. माझ्याबरोबर काम करणारा पोलिश माणूस गाडीत झोपायचा, गोदामाच्या आवारातच, खिडक्यांना पुठ्ठे लावून. त्याच्या घरी म्हातारी आई होती, तिला लागण होऊ नये म्हणून.

याची झोप कुठल्या पाहणीत आली? त्याने फॉर्म भरलाच नसणार.

---

मध्यक | ४ नोव्हें., २२:०२

@रात्रपाळी, माझ्या मुद्द्याला तुम्ही माझ्यापेक्षा चांगला पुरावा दिलात. फॉर्ममुळे आकडा फुगतोच असं नाही, ज्यांचा त्रास सर्वांत मोठा ते गळूनही जातात.

एक आकडा मात्र फॉर्मवर अवलंबून नाही. पोलंडमध्ये २०२० साली सुमारे ४ लाख ७७ हजार मृत्यू झाले आणि २०२१ साली सुमारे ५ लाख १९ हजार. दुसऱ्या महायुद्धानंतर इतके कधी झाले नव्हते. देशाची वस्ती चार कोटींच्याही आत. म्हणजे जवळपास प्रत्येक जिन्यात एखादी पानी हालिना असणार.

आणि जगभराचं बोलायचं तर साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. तरुणांना आणि स्त्रियांना जास्त झळ बसली.

---

दोन_मुलांची_आई | ५ नोव्हें., ११:२७

तरुणांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी मोठी मुलगी वॉर्सात पोलिश शाळेत शिकते. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस तिची शाळा पडद्यावर गेली ती थेट मे २०२१ मध्ये अर्धीमुर्धी उघडली. सात महिने. ती तेव्हा तेरा वर्षांची.

सकाळी आठला तास. ७:५८ ला ती पांघरुणातूनच लॅपटॉप उघडायची, कॅमेरा बंद, ‘हजर’ लिहायची आणि परत झोपायची. रात्री तीनपर्यंत जागी. मला वाटलं आळस आहे, मोबाईल आहे. मी ओरडायचे. वर्गशिक्षिकेने एकदा सगळ्या मुलांना कॅमेरे लावायला सांगितले, तर सव्वीसपैकी चारच चेहरे दिसले. बाई काही न बोलता थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, असं मुलीने सांगितलं.

मग तिच्या वर्गातल्या एका मुलाने स्वतःला इजा करून घेतली. वाचला. तेव्हा मी भानावर आले. पोलिसांच्या आकडेवारीनुसार पोलंडमध्ये अठराच्या आतल्या मुलांचे आत्महत्येचे प्रयत्न २०२० मध्ये ८४३ नोंदले गेले आणि २०२१ मध्ये १,४९६. एका वर्षात. आणि मुलांचे मनोविकारतज्ज्ञ आख्ख्या देशात पाचशेच्या आसपास. आम्हाला मिळालेली तारीख पाच महिन्यांनंतरची होती.

मुलीने ११६ १११ ला स्वतः फोन केला. मुलांसाठीची वाहिनी, फुकट. रात्री दीडला. मला हे वर्षभराने कळलं. ती म्हणाली, ‘पलीकडच्या बाईंनी मला झोप म्हणून सांगितलं नाही, मी काय करतेय ते विचारलं.’ हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण मी रोज फक्त ‘झोप’ एवढंच सांगत होते.

---

डॉ_गोदाकाठ | ५ नोव्हें., १६:५०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नाशिकला. पोलंडमध्ये काम केलेलं नाही, पण झोपेचं शरीरशास्त्र ओद्रा आणि गोदा दोन्हीकडे एकच. थोडं सविस्तर लिहिते.

झोप दोन दोऱ्यांनी बांधलेली असते. एक, आपण किती वेळ जागे आहोत, त्यातून साठणारी झोपेची ओढ. दुसरा, मेंदूतलं घड्याळ, जे सकाळच्या उजेडाने रोज जुळवलं जातं. टाळेबंदीने दोन्ही सैल केले. दिवसभर घरात, बिछान्यावरच काम, दुपारी लवंडणं, त्यामुळे ओढ साठेना. बाहेर जाणं नाही, त्यामुळे सकाळचा उजेड नाही. त्यावर चिंतेची भर. चिंता म्हणजे शरीराचा पहारा, आणि पहारेकरी झोपत नसतो.

साथ ओसरली तरी झोप का येत नाही? कारण तोवर माणूस बिछान्यालाच घाबरायला लागलेला असतो. मूळ कारण निघून जातं आणि जागं राहण्याची सवय मागे उरते. पडलं की मन म्हणतं, आजही तीनला उठणार.

यावरचा पहिला उपचार गोळी नाही. निद्रानाशासाठीची सीबीटी (गोळ्यांशिवाय, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत), म्हणजे सीबीटी-आय. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये हाच पहिला उपचार म्हणून सांगितला. त्यात काय करतात?

उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही, रात्र कशीही गेली तरी. बिछान्यात झोप लागत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडे मंद उजेडात बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. आणि लोकांना सर्वांत विचित्र वाटतं ते हे, की बिछान्यातला वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा. साडेपाच तास झोप लागते आणि नऊ तास पडून राहता, तर आधी सहा तासच बिछान्यात राहा. झोप भरीव झाली की हळूहळू वाढवा. हे एकट्याने, विशेषतः म्हातारपणी, किंवा फिट येत असतील, उन्माद-नैराश्याचा आजार असेल, रात्री गाडी चालवावी लागत असेल तर करू नये. सोबत जाणकार हवा.

पानी हालिनांबद्दल मात्र एक प्रश्न. त्यांना झोप येत नाही, की तीनला कोणाची तरी वाट पाहिली जाते? दोन्हींचा उपचार वेगळा आहे.

---

ओद्राकाठची | ५ नोव्हें., १९:३३

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी दुपारभर अस्वस्थ होते. दवाखान्यातून फोन आला होता तो पहाटे तीनच्या सुमारास. हे मला त्यांनी यंदा थडग्याजवळ सांगितलं, दिवा लावता लावता. मी धाग्यात लिहिलंच नाही, कारण त्या फोनचा आणि तीनच्या जागेचा संबंध मला लागला नव्हता.

औषधांचं सांगते. तेव्हा सगळं फोनवरच चालायचं, टेलेपोराडा. डॉक्टर पाच मिनिटं बोलायचे, चार आकडी कोड मेसेजने यायचा, तो औषधाच्या दुकानात सांगितला की गोळ्या मिळायच्या. आधी हायड्रॉक्सिझिन, मग झोल्पिडेम. चार वर्षांत ‘रात्री उठून तुम्ही काय करता’ असं कोणी विचारलेलं नाही. बाकी घरगुती म्हणजे मेलिसाचा (लिंबासारख्या वासाच्या एका पाल्याचा) काढा. इथे कोणी जरा अस्वस्थ दिसलं की ‘मेलिसा कर’ म्हणतात, आपल्याकडे ‘गार पाणी पी’ म्हणतात तसं. तीन वाजताची किटली त्याचीच.

---

वळिवडेकर | ५ नोव्हें., २२:१५

कोल्हापूरकर म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथे आली. आमची आजी सांगायची, छावणीतल्या काही बायका रात्री बराकीबाहेर पायऱ्यांवर बसून असायच्या, कारण त्यांना रात्रीच दार ठोठावून नेलं होतं. आजीला त्यांची भाषा येत नव्हती. ती नुसती शेजारी बसायची.

वॉर्सातल्या कोल्हापूरच्या स्मारकावर गेल्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान मोदी जाऊन आले तेव्हा टीव्हीवर बघताना मला त्या पायऱ्याच आठवत होत्या. मला वाटतं या लोकांच्या झोपेत युद्ध मुरलेलं आहे. साथीने जुनी जखम उघडली.

---

कावालेर्का_२२ | ६ नोव्हें., ००:४८

@वळिवडेकर, आजींची आठवण फार सुंदर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी २०२० मध्ये व्रोत्स्वाफला शिकत होतो, बावीस चौरस मीटरच्या एका खोलीत राहत होतो. अशा घराला इथे कावालेर्का म्हणतात. माझ्या वर्गातल्या पोलिश मुलामुलींची झोप १९४० मुळे उडाली नव्हती. त्यांचे बारमधले तासाचे पैसे बुडाले, वसतिगृहं रिकामी झाली, आई-वडिलांच्या घरी परत जावं लागलं, पहिलं प्रेम व्हिडिओ कॉलवर मोडलं. सगळं इतिहासावर ढकललं की आजचा प्रश्न कोणाला सोडवायला नको.

आणि उजेडाचं डॉक्टर म्हणाल्या ते तर अंगावर आलं. १ एप्रिलपासून बागा आणि नदीकाठ बंद, ३ तारखेपासून १९ पर्यंत सरकारी जंगलंसुद्धा बंद! पोलिश माणसाचं जंगल म्हणजे काय असतं हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. डिसेंबरात वॉर्सात दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. पाच महिने ते लोक एप्रिलची वाट बघतात. एप्रिल आला आणि दाराला कुलूप. मी खिडकीत खुर्ची ठेवून दहा ते अकरा उन्हात बसायचो, कारण तेवढाच वेळ ऊन माझ्या भिंतीवर यायचं.

---

वळिवडेकर | ६ नोव्हें., ०८:०५

@कावालेर्का_२२, तुझं बरोबर आहे पोरा. पण वयाने सत्तरीपुढच्यांच्या घरात ती युद्धाची गोष्ट जेवणाच्या ताटावर वाढलेली असते, एवढं ध्यानात ठेव.

---

डॉ_गोदाकाठ | ६ नोव्हें., ०९:२०

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. क्राकुफचे मनोविकारतज्ज्ञ आन्तोनी केंपिन्स्की (१९१८–१९७२) यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आउशवित्झमधून वाचलेल्यांना वर्षानुवर्षं तपासलं. सुटका झाली तरी भीती आणि झोपेचे त्रास मागे राहतात, हे त्या कामातून जगाला दिसलं. केंपिन्स्की स्वतःही तरुणपणी स्पेनमधल्या छावणीत बंदी होते. मात्र ज्याने ते भोगलं त्याचं हे निदान, त्याच्या नातवाला तेच लावता येत नाही.

---

विस्वातीर | ६ नोव्हें., १०:११

थोडं भाषेचं अवांतर. पोलिशमध्ये ‘सेन’ म्हणजे झोप आणि ‘सेन’ म्हणजेच स्वप्न. एकच शब्द. निद्रानाशाला ‘बेस्सेन्नोश्च’. म्हणजे कोणी ‘मला सेन नाही’ म्हणालं की नेमकं काय नाही ते कळत नाही. रात्री निरोप घेताना ‘कोलोरोविख स्नुफ’ म्हणतात, रंगीत स्वप्नं पडोत.

आणि ‘डोळ्याला डोळा लागला नाही’ हे त्यांच्याकडेही जवळपास तसंच आहे, ‘एक डोळासुद्धा मिटला नाही’ असं म्हणतात.

---

मळ्यातला_सुहास | ६ नोव्हें., १०:३०

आमच्याकडे झोपेचं खोबरं होतं. त्यांच्याकडे नारळ नाही म्हणून वाचले.

---

पौर्णिमा_स | ६ नोव्हें., १८:४४

मी ग्दान्स्कला असते. माझी झोप मात्र पोलंडने नाही, महाराष्ट्राने उडवली. एप्रिल २०२१. १ तारखेला इथे एका दिवसात ३५ हजारांवर रुग्ण निघाले, आणि त्याच महिन्यात तिकडे घरी ऑक्सिजनच्या खाटा मिळेनात. इथले पहाटेचे तीन म्हणजे तिकडचे साडेसहा. भाऊ उठला की फोन करायचा, म्हणून मी अडीचपासूनच जागी. बाबा वाचले. पण पुढचं दीड वर्ष मी अडीचला उठत राहिले, फोन यायचा थांबला तरी.

त्या महिन्यात माझ्या घरमालकीणबाई दारात सूपचं भांडं ठेवून जायच्या. आम्ही एकमेकींशी धड बोलूही शकत नव्हतो. बीटाचं सूप. आजही त्या वासाने मला रडू येतं.

---

क्राकुफची_सून | ७ नोव्हें., १२:०९

@ओद्राकाठची, व्यवहाराचं सांगते. सरकारी विम्यातूनही मनोविकारतज्ज्ञाकडे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि मोठ्यांसाठी मानसिक आरोग्य केंद्रं आहेत, २०१८ पासून सुरू झालेली. तुमच्या पत्त्याचं केंद्र कोणतं ते बघून घ्या. तिथे वेळ न घेता नुसतं जाता येतं, पहिल्यांदा बोलणारा माणूस पुढे काय करायचं ते ठरवून देतो. संकटात असलेल्यांसाठी ८०० ७० २२२२ हा फोन चोवीस तास चालू असतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेली-मानस, १४४१६.

आजींना ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ म्हणू नका. ‘झोपेसाठी जाऊ’ म्हणा. माझा नवरा त्याच वाक्यावर आला होता.

---

रात्रपाळी | ७ नोव्हें., १४:५५

गाडीत झोपणाऱ्या त्या सहकाऱ्याला आज हा धागा तोंडी भाषांतर करून ऐकवला. तो म्हणाला, माझी आई वाचली हे पण लिही. लिहिलं.

---

ओद्राकाठची | २४ नोव्हें., २१:२०

उशीर झाला, माफ करा.

गेल्या सोमवारी आम्ही केंद्रात गेलो. ‘झोपेसाठी’ म्हणूनच. पानी हालिनांनी चांगला कोट घातला, कानात मोती घातले. पंचेचाळीस मिनिटं आत होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘तिने विचारलं त्यांचं नाव काय होतं.’ मानसशास्त्रज्ञाची वेळ जानेवारीतली मिळाली आहे. झोल्पिडेम एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं ठरलंय.

तोवर उठण्याची वेळ साडेसहा. बरोबर सातला आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जातो. बाहेर तेव्हा नुकतं उजाडत असतं, बरेचदा धुकं असतं, पण डॉक्टर म्हणतात ढगाळ उजेडही चालतो. फ्रिजवर त्यांनी कागद चिकटवलाय, रोजच्या झोपेचा. गेल्या सहा रात्रींत दोनदा पाच तासांच्या वर. बाकी चार पूर्वीसारख्याच. त्या कागदावर तीन वाजताच्या रकान्यात त्या ‘उठले’ असं लिहीत नाहीत, यजमानांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहितात.

काल त्यांनी मला विचारलं, खुर्चीचा आवाज खाली येतो का. खोटं बोलवेना. आज संध्याकाळी वर गेले तर खुर्चीच्या चारही पायांना फेल्टचे गोल तुकडे चिकटवलेले. मी त्यांना म्हटलं, एवढं सोडून बाकी डॉक्टर सांगतील ते सगळं करा, पण हे काढा. तीनला तुम्ही उठलात तर मला कळू दे. मी वर येईन, किटली ठेवू.

त्यांनी एका पायाचा काढला. तीन ठेवलेत.